रिंगणाबाहेरच्या माणसांचे आभार

बॉक्सिंगच्या आठवणी निघाल्या की मला ठोसे कमी आणि माणसंच जास्त आठवतात. त्यांतल्या बहुतेकांची नावं कधी कळलीच नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

पहिल्या लढतीआधी माझ्या हातांना पट्ट्या बांधणारे काका आमच्या क्लबचेही नव्हते. माझे थरथरणारे हात पाहिले आणि खुर्ची ओढून समोर बसले. आधी मनगटाला वेढे, मग अंगठा, मग बोटांच्या बेचक्यांतून एकेक फेरा. मध्येच म्हणायचे, "मूठ वळ. सोड आता. घट्ट होतंय का?" पट्टी संपेपर्यंत माझा जीव भांड्यात पडला होता. काका, तुमचे उपकार विसरलेलो नाही.

कोपरा सांभाळणाऱ्या दादाचेही आभार. दोन फेऱ्यांमध्ये मिनिटभरच मिळतं; त्यात स्टूल, पाणी, मानेवर बर्फ, आणि सूचना फक्त एक: "डावा हात वर ठेव." तीच कामी आली.

आणि माझी लढत थांबवणाऱ्या डॉक्टरबाई! तेव्हा मी खूप रडलो. १९७५ साली मनिलात मुहम्मद अलीविरुद्धच्या लढतीत १४व्या फेरीनंतर प्रशिक्षक एडी फच यांनी आपल्या बॉक्सरला, जो फ्रेझरला, शेवटच्या फेरीसाठी उठूच दिलं नाही. मी अलीचा चाहता, तरी त्या लढतीत मला सगळ्यात मोठा वाटतो तो फच यांचा निर्णय. तुम्ही माझ्यासाठी तेच केलंत.

प्रतिस्पर्ध्याचे प्रशिक्षक असूनही माझ्या सुजलेल्या डोळ्यावर बर्फ धरून बसलात, सर, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. ते आज मनापासून मानतो.