आई-बाबा, माझ्या वजनाबद्दल सविस्तर

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही. तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, शेजारी काकू बसलेल्या असतात, आणि आई, तू 'जेवलीस का'च्या पुढे गेलीस की तुझा गळा दाटून येतो. म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवा. मधेच थांबू नका, शेवटपर्यंत वाचा.

आधी गाठींचं बोलते. मला पीसीओएस, म्हणजे बीजकोशांचा आणि हार्मोनचा आजार, असल्याचा सोनोग्राफीचा रिपोर्ट कळल्यापासून आई, तुझ्या डोक्यात एकच घोळतंय, पोरीच्या पोटात गाठी आहेत तर डॉक्टर त्या काढत का नाहीत. त्या गाठी नाहीत गं. दर महिन्याला बीजकोशात काही फॉलिकल, म्हणजे स्त्रीबीजाच्या बारीक पिशव्या, वाढू लागतात. त्यातलं एक मोठं होऊन फुटतं आणि स्त्रीबीज बाहेर येतं. माझ्याकडे ती वाढ मधेच अडते, २ ते ९ मिलिमीटरवर. अडलेली ती सगळी फॉलिकल सोनोग्राफीत काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात, एवढंच. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा ते खरोखरच बीजकोशाचा थोडा भाग कापून काढत. आता आधी औषधं देतात. माझ्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषयही काढलेला नाही, तेव्हा ती भीती मनातून काढून टाक.

आणि हा काही मला एकटीला झालेला आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या शंभर बायकांमागे ६ ते १३ जणींना पीसीओएस असतो, आणि त्यातल्या बहुतेकींना तो आहे हेच माहीत नसतं. मी दहावीत असताना चार-चार महिने पाळी यायची नाही, आठवतं ना? तू मला डॉक्टरांकडे नेलं होतंस. 'लग्नानंतर होईल ठीक' असं तुला तिथे सांगितलं गेलं आणि तू विश्वास ठेवलास. दुसरं काय करणार होतीस? तुझ्या खाऊ घालण्याने किंवा न घालण्याने मला हे झालेलं नाही. रात्री पडल्या पडल्या तू स्वतःला दोष देत राहतेस हे बाबांनी मला सांगितलं आहे. तो दोष तुझा नाही, आई. कुणाचाच नाही.

बाबा, आता तुमच्याशी बोलते, कारण या आजाराचा तुमच्या शुगरशी जवळचा संबंध आहे. तुमच्या शरीराला इन्सुलिनचा उपयोग नीट करता येत नाही, तसा मलाही येत नाही. मग शरीर जास्त इन्सुलिन बनवतं. ते जास्तीचं इन्सुलिन बीजकोशांना पुरुषी हार्मोन बनवायला लावतं. ते हार्मोन वाढलं की फॉलिकल अडतं, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. मानेवरचा काळपटपणाही त्या इन्सुलिनचाच. लहानपणापासून आई ती मान घासून घासून धुवायची, तो मळ नव्हताच. जास्तीच्या इन्सुलिनमुळे चरबी साठते, विशेषतः पोटावर, आणि पोटावरच्या चरबीने इन्सुलिनचं काम आणखी बिघडतं. आपल्याकडे हे कमी वजनातही होतं. म्हणून भारतीय बायकांना कंबर ८० सेंटीमीटर आणि पुरुषांना ९० सेंटीमीटर ही मर्यादा घातली आहे. सडपातळ मुलींनाही पीसीओएस असतो, पण वजन वाढलं की त्याचा जोर वाढतो.

मामी लग्नात म्हणाल्या, 'जरा तोंडावर ताबा ठेवायचा.' मी त्यांना उलट बोलले नाही, पण तुम्हाला सांगते, ते शब्द मला फार लागले. त्याच ताटातलं जेवून माझी जाऊ बारीक राहते आणि माझं वजन चढतं, यात माझा आळस नाही. उतरवायला मला तिच्यापेक्षा जास्त कष्ट पडतात, आणि ते कष्ट मी घेतेय.

डॉक्टरांनी मला बारीक व्हायला सांगितलेलंच नाही. त्या म्हणाल्या, आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींचं बीज पुन्हा सुटू लागतं. माझं वजन ७९ किलो होतं, म्हणजे ४ ते ८ किलो. आज ते ७४ आहे. आणि आई, पाळी आणायची गोळी न घेता पाळी यायला लागली आहे. रक्ताच्या तपासणीत त्या महिन्यात बीज सुटल्याचंही दिसलं. तो रिपोर्ट हातात घेऊन मी लॅबच्या बाहेर रडले. समीर घाबरला, त्याला वाटलं काही वाईट आलं. एवढं झालं म्हणजे मूल नक्कीच होणार असं नाही, हे मला माहीत आहे. पण रस्ता सुरू झालाय.

हे उपाशी राहून झालेलं नाही. मधे कुणीतरी सुचवलं म्हणून तू मला फक्त ज्यूस प्यायला सांगत होतीस. मूल हवं असताना तर असली उपासमार नकोच. अमुक एकच डाएट पीसीओएसला चालतं असंही काही नसतं. जे रोज निभावता येईल ते खायचं. माझ्या आहारतज्ज्ञांना मी आपल्या खानदेशचं जेवण सांगितलं तर त्या खूश झाल्या. कळण्याची भाकरी, त्यात ज्वारीबरोबर उडीद. डाळी वाफवून केलेले फुनके आणि कढी. मटकीची उसळ. हे सगळं माझ्या उपयोगाचं निघालं. भरीत तर आठवड्यातून दोनदा असतं, फक्त तेलाची धार तुझ्यासारखी नाही. ताटात आधी भाजी आणि उसळ, मग भाकरी, आणि भात चार घास. चहात साखर बंद. साबुदाणा मी सोडला. एकादशीला भगर आणि दही घेते. शेवभाजी कधीतरी मागवतो, आणि त्या दिवशी मी शांतपणे खाते.

संध्याकाळी आम्ही दोघं भरभर चालतो. आठवड्यातून दोनदा डंबेल्स उचलते. आई, वजन उचलल्याने गर्भाशय सरकतं असं तुला कुणीतरी सांगितलंय. माझ्या डॉक्टरांनीच मला ते करायला लावलंय. व्यायामाच्या वेळी स्नायू रक्तातली साखर थेट वापरतात, इन्सुलिनवर तेवढा भार पडत नाही. बाबा, तुम्हीही जेवण झाल्यावर लगेच खाटेवर आडवे होऊ नका. निदान गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या.

तुमच्या डब्यातली शुगरची गोळी, मेटफॉर्मिन, मीही घेते, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पहिले काही दिवस पोट बिघडलं. मग रात्रीच्या जेवणासोबत ५०० मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवली, आता त्रास नाही. तुम्ही ती कितीतरी वर्षं घेताय. फार काळ घेतली तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि तुमच्या पायांना मुंग्या येतात. त्या शुगरमुळे असतील किंवा बी-१२ मुळे, पण तपासून घ्या. या महिन्यातच.

पुढच्या महिन्यापासून डॉक्टर मला लेट्रोझोल देणार आहेत, पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत पाच दिवस. बाबा, तुम्ही प्रत्येक औषधाचा कागद भिंग घेऊन वाचता, म्हणून आधीच सांगते. त्यावर स्तनाच्या कॅन्सरचं नाव असेल. मला कॅन्सर नाही. हे औषध मूळचं त्यासाठीचं, पण बीज सुटायलाही ते मदत करतं. आपल्या सरकारने २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्यावर बंदी घातली होती आणि २०१७ मध्ये ती उठवली. २०१४ मध्ये अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० बायकांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. जुनं औषध क्लोमिफेन घेतलेल्यांपैकी शंभरात १९ जणींना मूल झालं, लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७-२८ जणींना. आज जगभर पीसीओएसमध्ये हेच पहिलं देतात. फॉलिक ॲसिड मी आधीपासूनच घेतेय, कारण बाळाच्या मज्जारज्जूची घडण पहिल्या चार आठवड्यांतच होते, पुष्कळदा आईला कळायच्या आत. आणि वजन उतरवायच्या ज्या इंजेक्शनांबद्दल दादाने विचारलं, ती आता माझ्यासाठी नाहीत. त्यातलं सेमाग्लुटाइड गरोदरपणाच्या किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं.

समीरचीही तपासणी झाली आहे. त्याने ती माझ्याआधी, स्वतःहून करून घेतली, आणि ती ठीक आहे. हे लिहितेय कारण कुणी विचारलं तर 'दोष हिच्यातच' असं तुमच्या मनात यायला नको. तो मला एका शब्दाने काही म्हणत नाही. सासूबाईंनी तर माझ्यासाठी ज्वारी वेगळी दळून आणली.

आता मागणं. आई, तू माझ्यासाठी सोमवार धरलेस, तेही पाण्यावर. तुझी बीपीची गोळी चालू आहे, मागच्या वेळी तुला चक्कर आली होती. तुझ्या श्रद्धेत मी कधी बोट घालणार नाही. संकष्टी कर, एकादशी कर, देवापाशी माझ्यासाठी काय मागायचं ते माग. पण माझ्या नावाने उपाशी राहू नकोस. पोटात माझी काळजी आणि वर अन्नही नाही, हे मला इथे बसून सहन होत नाही. मला तू हवी आहेस, धडधाकट. बाळ झालं तर त्याला न्हाऊ-माखू घालायला तूच लागणार आहेस, आणि झालं नाही तरी मला तू लागणारच आहेस.

दुसरं, लोकांच्या प्रश्नांचं. 'गोड बातमी कधी' असं कुणी विचारलं की तू खाली बघतेस आणि मग घरी येऊन रडतेस. यापुढे बाबांनी उत्तर द्यावं, सरळ आणि ठणठणीत: 'ती आणि जावई बघून घेतील, आम्ही विचारत नाही.' बाबा, पंचवीस-तीस वर्षं तुम्ही भर वर्गात मुलांना गप्प केलंय, तुम्हाला हे जमेल. मला माझ्यामागे तुमचा आवाज हवा आहे. मी समोर असेन तेव्हा तर हवाच आहे. आणि दर महिन्याला तुम्हीही विचारू नका. काही असेल तर पहिला फोन तुम्हालाच येईल.

आखाजीला मी येतेय, चार दिवसांची रजा मंजूर झाली आहे. मांडे कर, आई, आमरस कर. मी खाणार आहे, एक मांडा आणि वाटीभर रस, मनापासून. दुसऱ्यांदा आग्रह करू नकोस, 'माहेरी आल्यावर कसलं आलंय डाएट' असं आत्यांनी म्हटलं तरी. बाकीचे दिवस आपण दोघी मिळून असा स्वयंपाक करू, जो बाबांच्या शुगरलाही चालेल आणि मलाही; तुला दोन वेगळ्या चुली मांडायला लागणार नाहीत. कळण्याचं पीठ मात्र जास्त दळून ठेव, परत जाताना नेईन. नाशिकला तसं मिळत नाही.

बाबा, तुमचा एचबीए१सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा, रिपोर्ट मी येईपर्यंत काढून ठेवा. बी-१२ त्याच दिवशी द्या, म्हणजे एकदाच सुई टोचेल. आईचीही शुगर तपासून घ्या, तिने कधीच तपासलेली नाही.

दादा-वहिनींना हे पत्र वाचायला दिलं तरी चालेल. काकूंना नको.

तुमची,
मनू