फिलिप आणि जॉर्ज ही इंग्रजी नावं नाहीत, ग्रीक आहेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत बाळांच्या नावांची यादी आलीय त्यात फिलिप, जॉर्ज, पीटर, सोफिया, अलेक्झांडर सगळी सरसकट 'इंग्रजी नावं' म्हणून टाकलीयत, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. ही सगळी मुळात ग्रीक आहेत. जॉर्ज म्हणजे गेओर्गिओस, जमीन कसणारा, सरळ शेतकरीच की. फिलिप्पोस म्हणजे घोड्यांचं वेड असलेला, आणि तिकडे घोडे पाळणं पैसेवाल्यांनाच परवडायचं म्हणून 'हिप्पोस' म्हणजे घोडा असलेलं नाव ऐकलं की घराणं मोठं असणार हे लोक ओळखायचे. क्लिओपात्रा म्हणजे बापाची कीर्ती, हे नाव इजिप्तचं आहे असं अजून कितीतरी जण समजतात.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच, ही नावं बांधायची रीत आपल्या किती जवळची आहे ते. प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्स शहरात एखाद्या पुढाऱ्याला 10 वर्षं हद्दपार करायचं की नाही यावर मतदान व्हायचं, लोक फुटक्या खापरावर त्याचं नाव कोरून टाकायचे, तशी हजारो खापरं खोदकामात मिळालीत. त्यात थेमिस्तोक्लीस नावाच्या पुढाऱ्याच्या खापरांवर काय असतं, तर थेमिस्तोक्लीस, निओक्लीसचा, फ्रेआरी गावचा. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गाव! आपण शाळेच्या दाखल्यावर दुसरं काय लिहितो हो?

आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं हेही तसंच. अथेन्सचाच दुसरा पुढारी पेरिक्लीस, त्याचे वडील क्सांथिप्पोस आणि थोरला मुलगा पण क्सांथिप्पोसच. आपल्याकडे बाळाजी विश्वनाथ, मग बाजीराव, मग परत बाळाजी. ग्रीसमध्ये बऱ्याच घरांत ही रीत अजून चालते. बायकांचं मात्र तेव्हा वाईट होतं, कोर्टात घरंदाज बाईचं नाव उच्चारायचंच टाळायचे, अमक्याची बायको नाहीतर तमक्याची आई एवढंच. आता 1983 च्या कायद्यापासून तिथे लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव कायम राहतं, मला हे फार पटतं, आपल्याकडेही व्हायला हवं.

आणि याचे पुरावे बघायला ग्रीसला जायला नको. विदिशाजवळ बेसनगरला गरुडस्तंभ आहे, तो उभारणारा ग्रीक राजदूत हेलिओदोरोस, म्हणजे सूर्याने दिलेला, आपल्या भाषेत सूर्यदत्तच, आणि लेखात पुढे दिओनचा मुलगा, तक्षशिलेचा असंही कोरलंय. आमच्या नाशिकच्या पांडवलेण्यात 17 नंबरच्या लेण्यात तर त्याहून भारी, तिथे दान देणारा स्वतःला योनक म्हणजे ग्रीक म्हणवतो, उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा, पण नाव इंद्राग्निदत्त आणि वडील धर्मदेव! माणूस योनक आणि नावं पार इथली, हे त्या दगडावर वाचताना अंगावर काटा येतो. रोज एवढे पर्यटक येतात आणि तो लेख न बघताच फोटो काढून जातात याचं फार वाईट वाटतं.

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी ही नावं ग्रीक म्हणून अर्थासकट परत छापा, वसई-गोव्यात किती घरांत ही नावं आहेत, त्यांना आपल्या नावाचा खरा अर्थ कळायला पाहिजे. आणि जागा झाली तर 17 नंबरच्या लेण्यातल्या त्या लेखाचा फोटो सोबत टाका.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक