इंजिन नंबर दाखवल्याशिवाय गाडीचा सौदा नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की नाशकात जुन्या गाड्यांचे सौदे जोरात होतात. घेणारा रंग, टायर, एसी बघतो, आरसीवरचा चेसिस नंबरही कुणी जाणकार जुळवून देतो. इंजिन नंबर मात्र राहून जातो, कारण तो नेमका कुठे असतो हेच ठाऊक नसते. आमच्या शेजाऱ्यांनी अशीच गाडी घेतली. पुढे सर्व्हिसिंगला दिली तेव्हा मेकॅनिकने दाखवले की इंजिन आरसीवरचे नाहीच. विकणारा आता फोनही उचलत नाही. कष्टाच्या पैशाचे असे व्हावे याचा मला फार राग येतो.

चेसिस नंबर सांगाड्यावर असतो, बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली. इंजिन नंबर इंजिनच्या ब्लॉकवरच कोरलेला असतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत गिअरबॉक्स ब्लॉकला जोडला जातो तिथल्या सपाट जागेवर तो सापडतो. वर एअर फिल्टरचा डबा किंवा पाइप आला की झाकून जातो, मग गाडी रॅम्पवर चढवून खालून बघावे लागते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, तेलकट मळ फडक्याने पुसावा आणि टॉर्च तिरका धरावा. समोरून उजेड पडला तर कोरीव आकडे उठून दिसत नाहीत. डोके आत जात नसेल तर मोबाइल सरकवून फोटो घ्यावा. पॉलिश पेपर अजिबात लावू नये, घासलेल्या नंबरावर खाडाखोडीचा संशय येतो. आणखी एक: चेसिस नंबरच्या १७ अक्षर-अंकांत आय, ओ, क्यू येत नाहीत, पण इंजिन नंबराला तो नियम नाही. तिथे शून्य आणि ओ, आठ आणि बी नीट पारखावेत.

इंजिन बदलणे हा गुन्हा नव्हे. मात्र त्याला आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवी. ती नसेल तर गाडी नावावर करताना किंवा विम्याचा दावा करताना नवा मालकच अडकतो.

म्हणून माझी मागणी आहे की जुन्या गाड्या विकणाऱ्यांनी बयाणा घेण्याआधी इंजिन नंबर प्रत्यक्ष दाखवावा. शोरूमवाल्यांनीही नवी गाडी ताब्यात देताना ती जागा ग्राहकाला दाखवून द्यावी. आणि पेठ रोडवरील आरटीओ कार्यालयाने कोणत्या मॉडेलमध्ये हा नंबर कुठे असतो याचा तक्ता कंपन्यांकडून मागवून दर्शनी भागात लावावा.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक