थप्पीवरून पडणे हाही अपघातच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बांधकामावर वरच्या मजल्यावरून कोणी पडले की बातमी होते, चौकशी लागते. सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल ट्रकच्या हौद्यातून किंवा पोत्यांच्या थप्पीवरून पडला, तर मात्र ‘चार फूट तर उंची, काय लागणार?’ म्हणत त्याला चहा पाजतात आणि पुढचे पोते पाठीवर देतात.

चार फुटांवरून तोल गेलेला माणूस अर्ध्या सेकंदात जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी सतरा किलोमीटरच्या घरात असतो. एवढ्यात सावरणे होत नाही. हात टेकलाच तर मनगट मोडते. डोके आपटले तर धोका मोठा, कारण कवटीच्या आतला रक्तस्राव कधी कधी सावकाश वाढतो आणि दुपारी हसतबोलत घरी गेलेला माणूस रात्री बेशुद्ध पडू शकतो.

हळदीच्या हंगामात पाहावे. ट्रकला पायरी नसल्याने चाकावर पाय देऊन, फाळक्याची कडी धरून चढायचे. हौद्यात सांडलेली हळकुंडे पायाखाली गोट्यांसारखी घरंगळतात आणि उतरायची फळी नुसती टेकवलेली असते. शीतगृहातून बेदाण्याचे बॉक्स काढताना ओल्या फरशीवर खोक्यावर खोके रचून उभे राहणारेही दिसतात. शिडीचा खर्च वाचतो म्हणे. कोणाचा, ते विचारू नये.

ब्रिटनने उंचीवरील कामाच्या २००५च्या नियमांत उंचीची किमान मर्यादाच ठेवली नाही. पडून इजा होण्यासारखी जागा असेल, तर खबरदारी घ्यावीच लागते. आपल्याकडे माथाडी कायदा १९६९पासून आहे आणि नोंदीत हमालाला अपघाताच्या भरपाईचा हक्कही त्यात आहे. पण पडल्याची नोंदच कुठे नसेल, तर त्याने भरपाई मागावी कशाच्या आधारे?

बाजार समितीने प्रत्येक पेठेत अशा पडण्याची नोंदवही ठेवावी, फळीला हौद्यात अडकणारे आकडे सक्तीचे करावेत आणि चढण्यासाठी सुट्या लोखंडी पायऱ्या पुरवाव्यात. डोक्याला मार लागलेल्याला त्या दिवशी पुन्हा ओझे देऊ नये, मात्र त्याची त्या दिवसाची मजुरी द्यावी. मजुरी पोत्यामागे मिळते, बसून राहिले की ती बुडते. म्हणूनच तो स्वतःहून ‘काही झाले नाही’ असे सांगतो.

आपला,
आडत पेढीवरील एक दिवाणजी, सांगली