घरी बसवायचा म्हणून विकलेला लिफ्ट किट, घरी बसवला म्हणून नाकारलेली वॉरंटी

भोर, जि. पुणे
१२ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: जिप्सीसाठी घेतलेला, गाडी दोन इंच उंच करणारा सस्पेन्शन लिफ्ट किट सदोष व अपुरा असल्याबाबत

महोदय,

तुमच्या ३० मेच्या ई-मेलमध्ये एकच वाक्य आहे: ‘किट अधिकृत वर्कशॉपमध्ये न बसवल्याने वॉरंटी लागू होत नाही.’ ज्या पानावरून मी ३ मे रोजी ४२,५०० रुपये भरून हा किट मागवला, त्यावर मात्र ठळक अक्षरांत लिहिलंय: ‘घरच्या घरी, एका दिवसात, वेल्डिंगशिवाय.’ त्या पानाचा त्याच दिवशी काढलेला फोटो सोबत जोडला आहे. यातलं खरं कुठलं ते आधी सांगा.

गाडी २००९ ची मारुती जिप्सी किंग. शेताकडे जाणारा शेवटचा दीड किलोमीटर म्हणजे पावसाने कोरलेल्या दोन चाकोऱ्या आणि मध्ये उंचवटा. त्यावर पोट घासतं. लिफ्टने अ‍ॅक्सलच्या मधला डिफरेन्शिअलचा गोळा वर जात नाही, त्याला टायरच मोठे लागतात, हे मला कळतं. मला चासीखालचं वाचवायचं होतं आणि तेही पावसाच्या आधी. यंदा तर पाऊस मे महिन्यातच येऊन थडकला.

१७ मे, शनिवार, सकाळी सात वाजता अंगणात काम सुरू केलं. मी आणि पुतण्या. चासीखाली टेकू म्हणून चार घोड्या, अ‍ॅक्सलखाली जॅक, बोल्टांना दोन दिवस आधीपासून डिझेल पाजलेलं. तरी मागच्या उजव्या शॅकलचा (स्प्रिंग चासीला जोडणाऱ्या कडीचा) बोल्ट बुशमध्ये गंजून एकजीव झाला होता, तो ग्राइंडरने कापावा लागला. अर्धा दिवस तिथेच गेला. याचा दोष तुमच्या माथी मारत नाही, तो गंज माझ्या गाडीचा.

खरी अडचण आली ती यू-बोल्टला. जिप्सीचे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, अ‍ॅक्सलच्या खाली असतात. यू-बोल्ट अ‍ॅक्सलच्या नळीवरून येतो, पाट्यांच्या दोन्ही बाजूंनी उतरतो आणि खालच्या प्लेटला नटाने आवळला जातो. म्हणजे पाट्यांचा संच जितका जाड, तितका बोल्ट लांब हवा. तुमचा संच जुन्यापेक्षा १४ मिलीमीटर जाड आहे, व्हर्नियर लावून मोजला. यू-बोल्ट मात्र जुन्याच मापाचे, जुन्याशेजारी ठेवले तर टोकाला टोक लागतं. नटाची उंची १० मिलीमीटर, त्यात आटे शिरले जेमतेम सहा मिलीमीटर. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसायला हवेत, इथे नटच अर्धा रिकामा. दोन्ही अ‍ॅक्सल या आठ यू-बोल्टांवर धरलेले असतात.

त्याच दुपारी तुमच्या मदत क्रमांकावर फोन केला. उत्तर मिळालं: “वॉशर काढून बसवा सर, तेवढं चालतं.” घाटात उतरताना अ‍ॅक्सल सरकला तर तेही चालेल का, असं मी विचारलं, तेव्हा फोन होल्डवर गेला आणि तिथेच राहिला.

सोमवारी, १९ मेला तुम्हाला ई-मेल केला. उत्तराची वाट न बघता गावातल्या ट्रकच्या पाटेवाल्याकडून योग्य लांबीचे आठ यू-बोल्ट करून घेतले, २,४०० रुपये, पावती सोबत आहे. ते टॉर्क पान्याने आवळले. शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच घट्ट केले, हेही नोंदवून ठेवतो, कारण उद्या तुम्ही ‘बुश चुकीचे आवळले’ म्हणाल.

गाडी उभी राहिली ती डावीकडे झुकून. मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उजवीकडे ५३० मिलीमीटर, डावीकडे ५१२. चासी वाकडी असेल, असं तुमचं तोंडी उत्तर. म्हणून मागचे दोन्ही संच परत खोलून अदलाबदल केली, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. झुकाव लगेच उजव्या बाजूला आला. चासी तर जागची हलली नव्हती. दोन्ही संचांची कमान एकसारखी नाही, यापेक्षा सोपा पुरावा माझ्या अंगणात तरी निघणार नाही.

ब्रेकचे लांब होज, म्हणजे रबरी नळ्या, यादीत आहेत, खोक्यात नाहीत. जुना होज ठेवून मागचा अ‍ॅक्सल पूर्ण लोंबकळू दिला, तर तो ताणून तार झाला. खड्ड्यात चाक लोंबलं की ब्रेकच तुटायचा. आणि माहितीपत्रक! त्यातल्या आकृत्या कॉइल स्प्रिंगच्या गाडीच्या आहेत. जिप्सीत चारही बाजूंना पाटे असतात, हे जिप्सीचा किट विकणाऱ्याला मी सांगायचं?

पानावर ‘आरटीओ मान्य’ असंही छापलंय. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी नोंदणीचा तपशील जुळणार नाही, असा बदल गाडीत करता येत नाही. तुमच्याकडे मान्यतेचा कागद असेल तर त्याची प्रत पाठवा. हे मी पैसे भरण्याआधी विचारायला हवं होतं, ती चूक माझीच.

१९ मेच्या तक्रारीची पोच मला आजवर मिळालेली नाही. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत. त्यांत पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात सांगितलं आहे. अकराव्या दिवशी एका ओळीचा नकार, हे निवारण नव्हे.

बदली किट नको. दुसऱ्या खोक्यातले पाटे मोजत बसायला माझ्याकडे आणखी दोन रविवार नाहीत. किटचे ४२,५०० आणि यू-बोल्टचे २,४०० असे एकूण ४४,९०० रुपये हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करा आणि माल तुमच्या खर्चाने उचला. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी पुण्याच्या जिल्हा आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही.

गाडीला सध्या जुनेच पाटे परत लावले आहेत. तुमचे चारही संच ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून पडवीत ठेवले आहेत. एकट्या माणसाला उचलायचे नाहीत, दोघांना पाठवा. शेताच्या वेळा सोडून, दुपारी बारा ते तीनमध्ये मी घरी असतो.

आपला,
जिप्सीमालक ग्राहक

सोबत: जाहिरातीच्या पानाचा फोटो, बिल, यू-बोल्टची पावती, मापं घेतानाचे नऊ फोटो