टंकलेखन शिकवणाऱ्या बाईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

न्यायालयात साक्षीदारांच्या साक्षी मराठीत टंकित करण्याचे काम मी आज निर्धास्तपणे करते. याचे श्रेय तुमचे आहे आणि ते चारचौघांत सांगावे, म्हणून हे पत्र खाजगी न ठेवता उघडपणे लिहीत आहे.

न्यायाधीश सांगतील तो मजकूर ऐकता ऐकता संगणकावर उतरवायचा, साक्ष पूर्ण झाली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची आणि मग त्याची सही घ्यायची, असा आमच्या कामाचा क्रम असतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या संगणकाच्या प्रमाण कळमांडणीत, काना आणि दीर्घ वेलांटी यांच्या कळा अगदी शेजारी-शेजारी आहेत. बोट जरासे सरकले तरी ‘मुलगा’ऐवजी ‘मुलगी’ आणि ‘आला’ऐवजी ‘आली’ उमटते, आणि दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारी सोयही तेथे काही दाखवत नाही. माणसाने शपथेवर सांगितलेल्या गोष्टीत असा बदल होणे किती गंभीर आहे याची जाणीव मला रोज असते, आणि तुमच्या शिस्तीचे मोल त्यामुळेच कळते.

तुमच्या वर्गात आले तेव्हा मला राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन प्रमाणपत्रासाठी मराठीत मिनिटाला 30 शब्दांचा वेग हवा होता आणि मी तेवढेच मागितले होते. तुम्ही मात्र सुरुवातीला कितीतरी दिवस मला वेळ मोजूच दिली नाही. मी टाइपरायटरवर थोडेफार शिकून आले होते. त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर मारायचा असतो, तर इन्स्क्रिप्टमध्ये उच्चाराचा क्रम चालतो. ‘किती’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी, ‘धर्म’ लिहिताना र येतो, त्याचा पाय मोडतो आणि मगच म येतो. तुम्ही मला प्रत्येक शब्द तोंडाने सावकाश म्हणत टंकित करायला लावले, आणि जुने वळण त्या म्हणण्यानेच सुटत गेले.

तुमच्या शिकवण्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे तुमची नोंदवही. तिच्यात वेगाचे आकडे नसत. कोणाचे कोणते अक्षर कोणत्या अक्षरानंतर चुकले, एवढेच असे. माझ्या बहुतेक चुका उजव्या करंगळीच्या आहेत हे तुम्ही त्या नोंदींवरून शोधून काढले आणि त्याचे कारणही दाखवले. च, ट, ज, ड आणि य ही सगळी अक्षरे त्या एका दुबळ्या बोटाकडे आहेत, शिवाय उजवी शिफ्टही तिच्याच वाट्याला येते. ‘च्या’, ‘ज्या’, ‘त्या’ यांच्यावाचून मराठीत चार ओळीही लिहिता येत नाहीत. ‘त्यांच्या’ या शब्दाला 9 कळा दाबाव्या लागतात; त्यांतल्या 3 उजव्या करंगळीने आणि 4 डाव्या मधल्या बोटाने, कारण पायमोडीची खूण आणि काना ही दोन्ही त्याच बोटाची कामे आहेत. ‘आणि’ तर आपण सतत लिहितो, पण त्यातला आ वरच्या ओळीत आणि ण खालच्या ओळीत, दोन्ही त्याच मधल्या बोटाकडे, आणि दोन्हींना शिफ्ट धरावी लागते. हे उमगल्यावर संपूर्ण उतारे पुन्हा पुन्हा काढण्यापेक्षा नेमक्या या जोड्यांचा रोज थोडा वेळ केलेला सराव किती अधिक फळतो, हे मी स्वतः अनुभवले.

बोटे भराभर हलवली की वेग येतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते मुळीच पटत नाही, आणि त्याचे कारण तुम्हीच समजावले होते. चुकलेले जोडाक्षर बॅकस्पेसने एका दमात जात नाही. ‘च्या’ पुसताना आधी काना जातो, मग य, मग पायमोड, आणि तेवढ्या वेळात नजर मूळ मजकुरावरून उठून पडद्यावर गेलेली असते. ती परत योग्य ओळीवर येईपर्यंत दोन-तीन शब्द सहज लिहून झाले असते. म्हणूनच तुम्ही हातांवर रुमाल टाकत होता, कळांकडे पाहू देत नव्हता आणि एकही चूक न करता उतारा पूर्ण होईल इतक्याच गतीने लिहा, असे बजावत होता. अशा सरावानंतर जेव्हा वेळ लावून उतारा घेतला, तेव्हा मला हवा असलेला वेग आधीच ओलांडला गेला होता.

दोन तुकड्यांच्या मधल्या वेळेत एखादा संगणक रिकामा असला की तुम्ही मला तेथे बसू देत होता आणि त्याचे वेगळे पैसे कधी घेतले नाहीत. घरी संगणक नसलेल्या माझ्यासारखीला ती मदत किती मोठी होती, हे तेव्हा नीट बोलून दाखवता आले नाही. ते आज मनापासून सांगत आहे.

सरावासाठी तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहिलेले कागद अजून वापरात आहेत असे कळले: ग्रामसभेचे इतिवृत्त, वारसनोंदीचे अर्ज, कार्यालयीन पत्रे आणि माझ्यासाठी मुद्दाम तयार केलेला करंगळीचा उतारा. सतत हाताळून ते विरले असतील. तुमची परवानगी असेल तर दिवाळीच्या सुट्टीत येऊन ते सगळे युनिकोडमध्ये टंकित करून देते, म्हणजे पुढच्या तुकडीला प्रत्येकी स्वच्छ प्रत मिळेल.

आपली विद्यार्थिनी