बर्फाच्या चॅपेलमधली मिस्सा : या शुक्रवारी रात्री

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या आपल्या होटन गावच्या विंटर कार्निव्हलनिमित्त (हिवाळी उत्सवानिमित्त) सेंट अल्बर्ट द ग्रेट पॅरिशचे (चर्चचे) विद्यार्थी रचत असलेल्या बर्फाच्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिरात, मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक उपासना) आहे. भिंती दाबून घट्ट केलेल्या बर्फाच्या, वेदीसुद्धा बर्फाचीच, आणि आपण उघड्या आकाशाखाली. सुपीरियर सरोवराच्या कृपेने इथे हिवाळाभरात पाचेक मीटर बर्फ पडतो, त्यामुळे सामान भरपूर. कमी पडतात ते हात. वसईत नाताळचा गोठा उभारायला जसे सगळे जमतो, तसे बांधकामाला तासभर तरी याच.

मिस्साला बहुतेक वेळ उभं राहायचंय. पाय आधी गारठतात, दोन जोड मोजे घाला. ख्रिस्तप्रसाद घेताना हातमोजे काढायचे, हे नव्यांनी लक्षात ठेवा. कॅथलिक नसलेल्या मित्रांनाही आवर्जून आणा.